समुद्राचा सारा

१

इतिहास लिहिणाऱ्यांना जमाखर्चाच्या वह्यांचा मोठा कंटाळा. लढाईचे वर्णन त्यांना आवडते, तहाची कलमे ते तोंडपाठ म्हणतात. पण त्या लढाईला दाणागोटा कोणाच्या कर्जातून आला हे पाहण्याची वेळ आली की पाने भराभर उलटू लागतात. माझे आयुष्य नेमके उलट गेले. मी नोकरीभर नगरपालिकांचे आणि ग्रामपंचायतींचे हिशेब तपासले. त्यामुळे कोणत्याही गावाची थोरवी कोणी सांगू लागले की माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "पैसा कोठून आला?" घरची माणसे ह्या सवयीला हसतात. परंतु ह्याच सवयीमुळे एका दूरच्या शहराची हकीकत हाती लागली आणि तिने माझ्याच एका जुन्या शेऱ्याची मला आठवण करून दिली. तेवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आले. आमची वाडी त्याच तालुक्यात. वडिलांनी लावलेल्या पोफळी दुपारच्या दोन-तीन तासांत काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या मोडून पडल्या. नारळ काही उरले, पोफळी उरल्या नाहीत. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती येईपर्यंत सहा-सात वर्षे जातात. म्हणजे माझ्या वयाच्या माणसाने ती लावायची ती दुसऱ्या कोणासाठी तरी.

पुढे दोन वर्षांनी मुलीकडे ह्यूस्टनला जाण्याचा योग आला. तेथून पन्नास मैलांवर मेक्सिकोच्या आखातात गॅल्व्हेस्टन नावाचे लांबट, अरुंद बेट आहे. एका रविवारी जावयाने आम्हांस तेथे नेले. समुद्राच्या कडेने मैलोगणती एक काँक्रीटची भिंत गेलेली. तिच्या माथ्यावरून मोटारी धावताहेत आणि खाली, निदान दीड पुरुष खोल, वाळू आणि लाटा. मी भिंतीच्या कडेला उभा राहिलो आणि सवयीप्रमाणे विचारले, "ह्याला पैसा कोणी दिला?" जावई म्हणाला, "सरकारने दिला असेल." असे उत्तर हिशेबतपासनिसाला चालत नाही. मग मुलीच्या घरी राहिलो तितके दिवस ग्रंथालयाच्या वाऱ्या केल्या. त्यांतून जे हाती आले ते असे.

२

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गॅल्व्हेस्टन हे टेक्सासचे वैभव होते. कापसाची निर्यात करणाऱ्या अमेरिकेतल्या आघाडीच्या बंदरांत त्याची गणना होई. १९००च्या शिरगणतीत लोकसंख्या ३७,७८९ भरली. पेढ्या, वखारी, नाटकगृहे, संगमरवरी जिन्यांचे वाडे, काय नव्हते? नव्हती ती उंची. सबंध बेटावरची सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून नऊ फूटही नव्हती.

धोक्याची सूचना मिळाली नव्हती, असे कोणी म्हणू नये. त्याच किनाऱ्यावर नैर्ऋत्येस शंभराहून अधिक मैलांवर इंडियानोला नावाचे दुसरे भरभराटीचे बंदर होते. १८७५ साली तुफानाने ते झोडपले. लोकांनी ते पुन्हा उभे केले. १८८६ साली दुसरे तुफान आले आणि त्यात आगही लागली. ह्या खेपेस लोकांनी गाव सोडले ते कायमचे. इंडियानोलाची बातमी ऐकून गॅल्व्हेस्टनच्या व्यापाऱ्यांची झोप उडाली. समुद्राला भिंत घालावी अशी चर्चा झाली, नकाशेही निघाले. पण भीतीला व्याज लागत नाही आणि भिंतीला लागते. वर्ष उलटले, हवा निवळली आणि नकाशे कपाटात गेले.

१८९१ साली तेथील सरकारी हवामान कचेरीचे अधिकारी आयझॅक क्लाइन ह्यांनी स्थानिक वर्तमानपत्रात लेख लिहिला. टेक्सासच्या किनाऱ्याला अशा तुफानांचे मोठे भय नाही आणि गॅल्व्हेस्टनचा त्यात नाश होईल ही समजूत निव्वळ वेडगळपणाची आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. क्लाइन अडाणी नव्हते, लबाडही नव्हते. उपलब्ध माहितीवरून प्रामाणिकपणे काढलेला तो निष्कर्ष होता. परंतु खर्च टाळू पाहणाऱ्या गावाला तज्ज्ञाचा असा दाखला मिळाला म्हणजे आणखी काय हवे?

येथे खर्चाची दुसरी बाजू पाहण्यासारखी आहे. ह्याच काळात गॅल्व्हेस्टनच्या धनिकांनी वॉशिंग्टनला खेपा घालून मोठी जहाजे आत यावीत म्हणून बंदर खोल करण्यासाठी काँग्रेसकडून १८९० साली ६२ लाख डॉलरांची मंजुरी मिळवली. म्हणजे पैसा उभा करण्याची अक्कल ह्या गावाला नव्हती असे नाही. समुद्रावाटे कापूस बाहेर जावा म्हणून पैसा होता. समुद्र आत येऊ नये म्हणून नव्हता. नगरपालिकेची स्थिती तर ह्याहून वाईट होती. चालू खर्चाची तूट कर्ज काढून भरायची आणि जुन्या कर्जासाठी नवे रोखे काढायचे, असा तिचा क्रम पडला होता. असे हिशेब मी आयुष्यात पुष्कळ पाहिले आहेत. त्यांत राखीव निधीचे पान बहुधा कोरे असते.

३

८ सप्टेंबर १९००, शनिवार. सकाळी लोक लाटा पाहायला किनाऱ्यावर गेले, मुले रस्त्यावरच्या पाण्यात खेळली. दुपारपर्यंत आखाताचे पाणी एका बाजूने आणि खाडीचे दुसऱ्या बाजूने शहरात शिरून मध्ये भेटले. मुख्य भूमीकडे जाणारे पूल तुटले. रात्री पाणी पंधरा फुटांवर चढले. ज्या बेटाचा माथा नऊ फूट नाही, त्याच्यावर पंधरा फूट पाणी! ह्याहून निराळे वर्णन करण्याची गरज नाही.

शहरात निदान सहा हजार माणसे मेली. आजूबाजूचा किनारा धरून आठ हजार हा आकडा सामान्यतः दिला जातो, काही अंदाज बारा हजारांपर्यंत जातात. अमेरिकेच्या इतिहासात कोणत्याही एका नैसर्गिक आपत्तीत इतकी माणसे मेलेली नाहीत. सेंट मेरी अनाथालयातील दहा जोगिणी आणि नव्वद मुले गेली. तीन मुलगे तेवढे वाचले. क्लाइन ह्यांच्या घराचा चक्काचूर झाला आणि त्यांची पत्नी बुडाली.

ह्या संहारात एक गोष्ट अशी घडली की तिचे वर्णन वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले. समुद्राकाठची घरे प्रथम पडली. त्यांची लाकडे, छपरे, पलंग, पियानो आणि त्यांत अडकलेली माणसे, हा सारा ढिगारा लाटांनी रेटत रेटत शहराच्या आत नेला. होता होता त्याचाच दोन मजली उंचीचा एक बांध तयार झाला आणि त्याने मागच्या वस्तीला लाटांपासून वाचवले. गॅल्व्हेस्टनची पहिली समुद्रभिंत ही अशी. जी भिंत गावाने चौदा वर्षांपूर्वी पैसे खर्चून बांधली नाही, ती पुढच्या रांगेतल्या घरांची बांधली गेली.

प्रेतांची विल्हेवाट हे दुसरे संकट. काळ्या लोकांना बंदुकीच्या धाकाने पडावांवर प्रेते चढवण्यास लावले. ती समुद्रात सोडली, तर ती परत किनाऱ्याला लागली. मग जागोजाग चिता पेटवल्या. आपत्तीत सगळे सारखे होतात असे म्हणतात. हिशेब पाहिला तर तसे दिसत नाही.

४

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. मालमत्तेचे नुकसान त्या वेळच्या अंदाजाने दोन ते तीन कोटी डॉलर. सहातला एक माणूस मेलेला. कर द्यायचा तर घरे पडलेली. नगरपालिका आधीच कर्जबाजारी. गाव सोडून जावे असे म्हणणारे होतेच, आणि इंडियानोलाचा दाखला समोर होता. अशा गावाला कर्ज कोण देणार?

जे घडले ते पायरीपायरीने पाहिले पाहिजे.

पहिली पायरी म्हणजे कारभार बदलणे. व्यापारी पुढाऱ्यांनी जुने नगरमंडळ बाजूला सारून पाच आयुक्तांचे मंडळ आणले. १९०१ साली त्याची सनद झाली. एकाकडे जमाखर्च, एकाकडे पोलीस व अग्निशामक, एकाकडे रस्ते, एकाकडे पाणी व गटारे आणि पाचवा नगराध्यक्ष. पुढे ही पद्धत अमेरिकेतील शेकडो शहरांनी उचलली. तिचा दोष येथेच सांगितला पाहिजे. सबंध शहरातून निवड आणि मतदानासाठी डोईपट्टी, ह्यांमुळे काळ्या व गरीब वस्त्यांचा आवाज कारभारात उरला नाही. म्हणजे भिंत ज्यांनी बांधायची ठरवली आणि भिंतीविना जे आधी बुडाले, ते एकाच पंगतीतले नव्हते.

दुसरी पायरी जुन्या धनकोंची. जमाखर्चाचे आयुक्त आयझॅक केम्पनर हे कापसाच्या आणि पेढीच्या घराण्यातले, वय अठ्ठावीस. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच शहराने रोखेधारकांशी बोलणी केली. मुद्दल बुडवणार नाही. पण पाच वर्षे व्याज पाचाऐवजी अडीच टक्के घ्या. धनकोंनी मान्य केले, कारण मेलेल्या गावाकडून अडीच टक्केही मिळाले नसते. येथे गावाने सवलत मागितली, पण दिवाळे काढले नाही. पुढच्या सगळ्या इमारतीचा पाया मला ह्या एका गोष्टीत दिसतो. पत ही सुद्धा भिंतच आहे आणि ती पडली की दुसरी बांधता येत नाही.

तिसरी पायरी योजनेची. तीन अभियंत्यांचे मंडळ नेमले: अल्फ्रेड नोबल, एच. सी. रिप्ली आणि निवृत्त सेनाधिकारी हेन्री रॉबर्ट. हे तेच रॉबर्ट, ज्यांचे सभानियमांचे पुस्तक १८७६ पासून इंग्रजी जाणणाऱ्या सभापतींच्या टेबलावर असते. जानेवारी १९०२ मध्ये अहवाल आला. सतरा फूट उंचीची, तळाला सोळा फूट रुंद, तीन मैलांहून लांब भिंत बांधावी. आणि तेवढ्याने भागणार नाही, तर भिंतीमागचे सबंध शहर भर घालून उंच करावे. खर्च सुमारे ३५ लाख डॉलर. नुकसानीच्या आकड्याशी हा आकडा ताडून पाहावा. जे दोन-तीन कोटींना पडले, ते टाळण्याची किंमत त्याच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढी होती.

चौथी पायरी पैशाची. शहराची पत खालावली होती, म्हणून भिंतीसाठी कर्ज काढले ते कौंटीने, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या निराळ्या संस्थेने: १५ लाख डॉलरांचे रोखे. मतदारांनी प्रचंड बहुमताने मान्यता दिली. पण मान्यता मतपेटीत मिळते, पैसा बाजारात. आणि बाहेरचे सावकार वाळूच्या बेटावर पैसा लावायला धजेनात. तेव्हा गावकऱ्यांनी स्वतःच रोखे घेतले. पेढ्यांनी घेतले, वखारवाल्यांनी घेतले, ज्यांची छपरे अजून धड झाली नव्हती त्यांनीही घेतले. कौंटीची वस्ती ४४,११६. म्हणजे तान्ह्या मुलासकट माणशी चौतीस डॉलर आणि त्या काळी साध्या मजुराची दिवसाची कमाई दीड-दोन डॉलर. आपणच आपल्याला कर्ज द्यायचे आणि आपल्याच करांतून ते फेडायचे. वरवर पाहता हा हास्यास्पद व्यवहार वाटतो. परंतु त्याचा अर्थ असा की, ज्याने रोखा घेतला तो गाव सोडून जाणार नव्हता. त्याचा पैसा भिंतीत होता आणि भिंत त्याच्या दारात.

पाचवी पायरी राज्याची. शहर उंच करण्यासाठी नगरपालिकेने २० लाखांचे रोखे काढले. त्यांना आधार म्हणून टेक्सासच्या विधिमंडळाने गॅल्व्हेस्टनमधून येणारे राज्याचे कर काही वर्षे त्या गावालाच सोडून दिले. आपल्या वाचकाला ही भाषा परकी नाही. दुष्काळ पडला, मुलूख उजाड झाला, की सरकारने साऱ्यात सूट द्यावी, तगाई द्यावी, कौल देऊन रयत पुन्हा वसवावी, अशा नोंदी पेशवाईच्या कागदांत पानोपानी आहेत. जवळची रोकड काढून देण्यापेक्षा येणे सोडणे राज्यकर्त्याला सोपे जाते, हे पुण्यातही कळले होते आणि ऑस्टिनमध्येही.

५

ऑक्टोबर १९०२ मध्ये काम सुरू झाले आणि २९ जुलै १९०४ रोजी १७,५९३ फूट भिंत पुरी झाली. खाली लाकडी खुंटांचा पाया, पुढे ग्रॅनाइटच्या दगडांचा थर, आणि समुद्राकडची बाजू आतून वळवलेली, लाट वर चढून मागे फिरावी म्हणून.

शहर उचलण्याचे काम १९०३ ते १९११ चालले. गावातून कालवा खणला, त्यातून गाळ उपसणारी जहाजे आत आणली आणि वाळूमिश्रित पाणी नळांनी घराघरांखाली सोडले. पाणी वाहून जाई, वाळू राही. १ कोटी ६० लाख घनयार्डांहून अधिक भर पडली. त्याआधी दोन हजारांवर इमारती स्क्रू-जॅकांवर चढवाव्या लागल्या. सेंट पॅट्रिकचे चर्च तीन हजार टनांचे; त्याखाली सातशे जॅक लावून ते पाच फूट उचलले. कित्येक वर्षे लोक आठ-दहा फूट उंचीच्या लाकडी फळ्यांवरून शाळेत, बाजारात आणि देवळात जात होते.

परंतु ताळेबंदात एक रकाना सहसा कोणी वाचत नाही. भर सार्वजनिक पैशाने पडे. घर उचलण्याचा खर्च मात्र घरमालकाचा. ज्याच्याजवळ पैसे होते त्याने घर उचलले. ज्याच्याजवळ नव्हते, त्याच्या तळमजल्यात वाळू शिरली आणि तो वरच्या मजल्यावर राहू लागला. कबरस्तानातही हेच झाले. पैसेवाल्यांनी आपल्या वडिलांच्या शिळा वर उचलून घेतल्या. बाकीच्यांचे पूर्वज दुसऱ्यांदा पुरले गेले.

आणि झाडे गेली. खाऱ्या वाळूने सगळी बाग मेली. तेव्हा गावातील स्त्रियांनी मंडळ स्थापून गोडी माती आणवली, रस्तोरस्ती कण्हेर, ताड आणि ओक लावले. पोफळींचे दुःख ताजे असल्यामुळे असेल, पण भिंतीपेक्षा ही हकीकत मी अधिक सावकाश वाचली. ओकची सावली पडायला एक पिढी जावी लागते. लावणाऱ्या बायकांना हे ठाऊक होते.

६

१९१५च्या ऑगस्टात तोलामोलाचे तुफान आले. साऱ्या प्रदेशात पावणेतीनशेच्या आसपास माणसे मेली. पण भिंतीआडच्या शहरातली त्यांत बोटांवर मोजण्याइतकी. त्या दिवशी गॅल्व्हेस्टनच्या रोख्यांचे खरे व्याज मिळाले.

येथे लेख संपवला तर तो शाळेतल्या मुलांसाठी बोधकथा होईल. इतिहास इतका सोयीस्कर नसतो. भिंतीने माणसे वाचवली. वैभव वाचले नाही. आत पन्नास मैल, सुरक्षित जागी बसलेल्या ह्यूस्टनने ओढा खोदून १९१४ साली आपले बंदर उघडले. गंमत अशी की, त्यांचेही रोखे विकले जाईनात तेव्हा ते त्यांच्या स्थानिक पेढ्यांनीच घेतले. शेजाऱ्याचाच डाव त्यांनी उचलला होता. १९१० साली गॅल्व्हेस्टनची वस्ती ३६,९८१ होती, ह्यूस्टनची ७८,८००.

पुढे पैशाची रीतही बदलली. स्वतःच्या रोख्यांची जागा विम्याने घेतली. १९६८ साली केंद्र सरकारने पुराचा राष्ट्रीय विमा आणला. १९७० च्या सीलिया तुफानानंतर टेक्सासने १९७१ साली किनारी जिल्ह्यांसाठी वाऱ्याच्या विम्याची मंडळी काढली. विमा चांगलाच, पण तो पडलेल्या घराची भरपाई देतो, पडणारे घर थांबवीत नाही. भिंतीचा खर्च डोळ्यांना दिसतो, हप्ता दिसत नाही. दिसत नाही ते माणूस विसरतो.

१३ सप्टेंबर २००८ रोजी 'आइक' आले. भिंत आपल्या जागी उभी राहिली. पाणी मागून, खाडीच्या बाजूने शिरले, जेथे शहराचा उतार सर्वांत खाली येतो. त्या खाऱ्या पाण्यात हजारो झाडे मेली. त्यांत त्या बायकांच्या काळचे ओकही होते. काही घरमालकांनी अंगणातल्या मेलेल्या बुंध्यांतून पक्षी, कुत्रे, मासे कोरून घेतले आहेत. मी ते पाहिले. कारागिरी चांगली आहे, सावली नाही.

आइकनंतर खाडीच्या तोंडाशी प्रचंड दरवाजे बांधण्याची योजना निघाली. २०२२ साली अमेरिकेच्या काँग्रेसने ती मान्य केली; अंदाज तीस अब्ज डॉलरांच्या वर. आइक आणि ही मान्यता ह्यांत चौदा वर्षे गेली. इंडियानोला बुडाल्यापासून १९०० पर्यंतही चौदाच वर्षे होती. आणि मान्यता म्हणजे पैसा नव्हे, हे मी आधीच सांगितले आहे.

७

आता तो जुना शेरा. पुष्कळ वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका ग्रामपंचायतीचे हिशेब मी तपासले. सरपंच म्हातारे होते, फारसे शिकलेले नव्हते. दर वर्षी थोडी थोडी रक्कम त्यांनी बाजूला काढली होती. समुद्राच्या कडेने सुरूची झाडे लावायची आणि दगडी बांध घालायचा म्हणून. खर्च झालेला नव्हता, आराखडा नव्हता, वरिष्ठांची मंजुरी नव्हती. मी शेरा मारला: "निकड नसताना रक्कम विनाकारण पडून आहे, चालू कामांवर वापरावी." सरपंच इतकेच म्हणाले, "साहेब, दर्या काय मंजुरी घेऊन येतो?" मी हसलो होतो. पुढच्या वर्षी ती रक्कम कार्यालयाच्या फरशीवर खर्च झाली आणि माझा आक्षेप निकाली निघाला. नियमाने मी बरोबर होतो. क्लाइन ह्यांच्यासारखाच, उपलब्ध कागदांवरून.

ते गाव 'निसर्गा'च्या वाटेवर होते. तो बांध झाला असता तर काय वाचले असते, हे मी सांगू शकत नाही. वाऱ्यापुढे बांधाचे काय चालणार, असे मनाला समजावता येते. पण त्या रकमेपुढे मी लिहिलेले 'निकड नसताना' हे दोन शब्द मात्र मला आज खोडता येत नाहीत. समुद्राला सारा द्यावाच लागतो. तो दरसाल थोडा थोडा भरायचा, की एका रात्रीत पुढच्या रांगेतल्या घरांकडून वसूल होऊ द्यायचा, एवढेच गावाच्या हाती असते. सरपंचांना ते वही न वाचता कळले होते.

परत आल्यावर मी वाडीत दोनशे पोफळी लावल्या आणि समुद्राच्या अंगाला सुरूची एक रांग. गावकीच्या सभेत दर घरामागे दरसाल काही रक्कम वादळासाठी वेगळी ठेवावी असा ठराव मांडला. एक तरुण उठून म्हणाला, "काका, आता इतक्यात कुठले वादळ येते?" ठराव पुढच्या सभेवर गेला आहे. पुढच्या सभेला मी वही घेऊन जाणार आहे.